घुमटाला शिकवलेली रीत

हामुरो-सानला निरोप दिला त्या दिवसापासून चिगुसा उसुईला दोनच हात उरले, आणि हिनाओकाच्या टेकडीवरल्या वेधशाळेला चार लागतात.

दोन हात शिडीपाशी. दुर्बीण उभी झाली की डोळा लावायची जागा पार वर जाते, आणि गावातून तारे बघायला येणारी माणसं काही तरणीताठी नसतात. कुणाचा गुडघा, कुणाची कंबर, कुणाची नुसतीच भीती. खाली कुणीतरी तळवे पसरून उभं राहावंच लागतं. उरलेले दोन हात घुमटाचे. तारा चालत असतो, दुर्बीण त्याच्या मागोमाग चालते, पण घुमटाला पडलेली ती एक उभी फट आपण होऊन चालत नाही. तिला ओढत न्यावं लागतं. नाही नेली तर दुर्बीण आपली पत्र्याच्या पोटाकडे बघत बसते. हामुरो-सान बटणांची पेटी गळ्यात अडकवून भिंतीशी बसायचा. अधूनमधून मान वर करायचा आणि ओरडायचा, "फिरवतोय हं, घट्ट धरा!" मगच बटण दाबायचा.

"माझ्या जागी मोटार बसवतेयस म्हणे," जाताना तो म्हणाला. "बसव. फक्त तिला सर्दी झाली तर आल्याचा चहा कोण करून देणार ते आधी ठरव."

"तिला सर्दी होत नाही. आणि ती टोमणेही मारत नाही."

"अरेरे! मग दिवसभर करमायचं कसं तुला?"

दोघंही हसली. मग तो भिंतीला टेकवलेली आपली बसायची गादी काखेत मारून उतरणीला लागला, आणि चिगुसा आत येऊन बराच वेळ उगाच फरशी पुसत राहिली.

हामुरो-सानची जागा नगरपालिकेनं काढून टाकली होती. तोकिता साहेब म्हणजे वेधशाळा ज्या खात्याखाली येते त्याचे प्रमुख, माणूस वाईट नव्हे. त्यांनी इतक्या अदबीनं वाकून सांगितलं की घाव बसलाय हे चिगुसाला घरी पोचल्यावर कळलं. "एका माणसात भागवून दाखवा, उसुई-सान. पानं गळाली की नगरसभेची मंडळी बघायला येतील. त्यांना पटलं तर उत्तम. नाही पटलं तर मार्चनंतर वर कुलूप. गावाला आपत्तीच्या वेळी लागणारी घोंगडी ठेवायला कोरडी जागा हवीच आहे."

घोंगडी! चिगुसाचा नवरा मागे ओसाकाला कामासाठी म्हणून गेला आणि तिकडचाच झाला, तेव्हा तिनं एक सुस्कारा टाकून त्याची बुटं कचऱ्यात दिली होती. त्याहून फारसं काही केलं नव्हतं. पण दुर्बिणीच्या जागी घोंगड्यांच्या चळती ही गोष्ट तिच्या घशाखाली उतरेना. पोटापाण्याचा प्रश्न होताच, पण तो कुठेही सुटला असता. सफरचंदांच्या शेडमध्ये बायका लागतातच. हे तसं नव्हतं. दुसऱ्याचा डोळा नेत्रिकेला लागतो त्या क्षणी खाली उभं राहायचं, एवढंच तिला आयुष्यात मनापासून जमत होतं. ते गेलं की आपण नेमक्या कोण, हे तिला ठाऊक नव्हतं.

म्हणून ती शिकली. शाळेत विजेच्या धड्याला झोपलेली बाई पन्नाशीला टेकताना तारा सोलायला शिकली. घुमटाची आधीची मोटार बटणाखेरीज हलायची नाही, म्हणून सफरचंदं निवडायच्या पट्ट्याची एक जुनी मोटार भंगारातून आणली, घुमटाच्या कड्याला दाते बसवून घेतले, दुर्बीण कुठे बघतेय ते घुमटाला सतत कळत राहील अशी जोडणी केली. पहिल्यांदा घुमट उलटाच फिरला. दुसऱ्यांदा फिरला तो थांबेचना, आणि ती मधोमध उभी राहून त्याला हात जोडत होती. उन्हाळा असा गेला. शरदात एका संध्याकाळी तिनं दुर्बीण शनीवर लावली, हात पाठीमागे बांधले आणि वाट पाहिली. थोड्या वेळानं घुमट आपला आपण गुरगुरला, पाऊलभर सरकला आणि गप्प झाला. फट बरोबर शनीसमोर. चिगुसा खाली फरशीवर बसली आणि रडली. मग कुणी बघितलं नाही ना म्हणून तिनं आजूबाजूला पाहिलं, जणू काही त्या टेकडीवर तिच्याखेरीज कुणी येतच होतं.

एकच भीती राहिली होती. शिडीवर उभं असताना भोवतालची भिंत फिरायला लागली की माणसाला वाटतं आपणच फिरतोय. मागे एकदा एक निवृत्त मास्तर असेच बिनघोरपणे हवेत पाय टाकून मोकळे झाले होते. हामुरो-सानवर पडले म्हणून वाचले. हामुरो-सान निदान ओरडायचा तरी. मोटार काय ओरडणार? तेव्हा चिगुसानं शिडीच्या पायऱ्यांवर वजन ओळखणाऱ्या पट्ट्या बसवल्या. पायरीवर कुणाचाही पाय असेल तोवर घुमट हलणार नाही. माणूस उतरला, जरा उसंत गेली, की मग हलेल. तोवर भिंतीवर एक पिवळा दिवा लागलेला राहील: मी थांबलोय, तुमचं चालू द्या. तिला स्वतःलाच या गोष्टीचं फार कौतुक वाटलं. घुमटालाही रीतभात आली म्हणायची. शिवाय गर्दी तुंबू नये म्हणून तिनं शिडी दुहेरी करून घेतली: एका बाजूनं चढायचं, दुसऱ्या बाजूनं उतरायचं.

तिनं हे सगळं पुन्हापुन्हा तपासलं. चढली, बघितलं, उतरली, घुमट हलला. चढली, बघितलं, उतरली, घुमट हलला. एकटीनं.

मंडळी नोव्हेंबर सरता सरता आली, आणि दुपारची आली. रात्री टेकडीचा रस्ता गोठतो, आणि नगरसभेच्या लोकांच्या गाड्यांना थंडीत कापरं भरतं. चिगुसाला दुपारही चालत होती. हवा स्वच्छ असेल तर भर उन्हात ओरिहिमे दिसते. ओरिहिमे म्हणजे विणकरीण, आपण अभिजित म्हणतो तो तारा. नोव्हेंबरातल्या दुपारी ती पूर्वेकडून चढत जवळजवळ डोक्यावरून जाते आणि पश्चिमेला कलते. निळ्या आभाळात मिठाचा एक खडा असतो तशी.

तोकिता साहेबांनी रांग दिसावी म्हणून ज्येष्ठ मंडळाची अख्खी बसच भरून आणली होती. नगरसभेचे अध्यक्ष कुगिमिया साहेब मागे हात बांधून सगळ्यात शेवटी आत आले आणि म्हणाले, "छे छे, आधी वडीलधारी मंडळी. मी मागून." त्यावर वडीलधाऱ्यांनी तुम्ही आधी, तुम्ही आधी केलं. तेवढ्यात घुमटाची फट गडगडत उघडली, आणि थंडीचा एक लोट सगळ्यांच्या मानेवर पडला.

"अगंबाई! हा सगळा फिरतो?" एक आजी म्हणाल्या.

"आपण होऊन फिरतो," तोकिता साहेबांनी उत्तर दिलं, जणू उन्हाळाभर तारा त्यांनीच सोलल्या होत्या. "उसुई-सान एकट्या सगळं बघतात."

रांग सरकू लागली. चिगुसा शिडीच्या उतरत्या बाजूला तळवे पसरून उभी राहिली. तिथून तिला फक्त पाय दिसत. लोकरी मोजे, फुगलेले घोटे, एक पाय चाचपत खालची पायरी शोधतोय. या पायांवरून नजर काढायची नाही, हा तिचा पहिला नियम. आणि कान वरती. खरंच तारा दिसला की माणूस आधी बोलत नाही. एक क्षण सगळं बंद पडतं. मग काहीतरी येडंगबाळं निघतं तोंडातून: "आहे की गं!" किंवा "ही इथंच होती होय इतके दिवस?" पहिले बरेच जण असेच बोलले.

रांगेच्या शेवटी सेत्सु आजी होत्या. वरच्या आळीत एकट्या राहायच्या, नुकताच मोतीबिंदू काढला होता. बोलण्याला खंड नव्हता.

"डॉक्टरच्या भिंतीवर, डोळे तपासायच्या तक्त्यावरल्या त्या तुटक्या बांगड्या आहेत ना, कुठली कुठल्या बाजूला तुटलीय ते मला पाठ झालंय. डॉक्टरला वाटतं मला दिसतं. मला वाटतं, मला आठवतं."

"पास होतेस ना? मग झालं तर!" पुढची म्हणाली.

"झालं कसलं? मुलगा म्हणतो, डोळे अधू असतील तर माझ्याकडे साइतामाला चल. नवव्या मजल्यावर. तिथं काय करू मी? खालच्या गाड्या मोजू? म्हटलं, ओरिहिमे दिसली तर मी इथंच. ती काही मला पाठ नाही."

चिगुसाला हसू आलं. ती पाय बघत राहिली. शिडीवर एक उतरायच्या आत दुसरा चढत होता, कुणी रेंगाळत नव्हतं, कुणी ढकलत नव्हतं. अशी शिस्तीची रांग हिनाओकाखेरीज कुठे मिळायची नाही. मग कुगिमिया साहेबांचे काळे बूट वर गेले आणि लगेच वरून आवाज आला:

"दिसली, दिसली! वा! हिऱ्यासारखी!"

खाली टाळ्या पडल्या. तोकिता साहेब चिगुसाच्या कानाशी आले. "खूश आहेत. वसंतात उद्घाटनासारखं काही ठेवता येईल का, विचारत होते. जिंकलो आपण, उसुई-सान!"

चिगुसानं मान लववली. आणि मान लववतानाच तिला काहीतरी खुपलं. फार लवकर. 'दिसली' फार लवकर आलं होतं. अध्यक्षांच्या आधीची ती टोपीवाली बाई, तीही वर पोचताच म्हणाली होती. त्याच्या आधीचे आजोबा तर वाकायच्या आधीच. या गावात 'मला दिसलं नाही' असं कुणी म्हणत नाही. मागे माणसं खोळंबलेली असतात, बिचाऱ्या बाईनं एवढी खटपट केलेली असते. मग माणूस बसचं भाडं द्यावं तसं 'दिसली' देतो आणि उतरतो. असे एकदोघं रोजच असायचे, ते तिला ओळखू यायचे. पण ओळीनं सगळे?

तिनं नियम मोडला. पायांवरून नजर काढून वर पाहिलं.

फट अजून पूर्वेला होती. जिथे तिनं ती सुरुवातीला उघडली होती, तिथेच. ओरिहिमे डोक्यावरून कधीच पलीकडे उतरली होती, दुर्बीण इमानदारीनं तिच्या मागे गेली होती, आणि तिच्या तोंडापुढे होता पत्रा. नुसता पत्रा. भिंतीवरचा पिवळा दिवा मंदपणे तेवत होता: मी थांबलोय, तुमचं चालू द्या.

सगळं तिला एकदम कळलं. एक उतरतो तोवर दुसरा चढतो, पायरी एकदाही रिकामी पडली नाही. घुमटाला शिकवल्याप्रमाणे तो वाट बघत राहिला. तिनं कितीतरी वेळा तपासलं होतं, पण एकटीनं. रांग कुठून आणणार होती ती?

वर आता सेत्सु आजी होत्या. त्या लगेच बोलल्या नाहीत. नेत्रिकेवर वाकून त्या बघतच राहिल्या. डोळा काढला, पुसला, पुन्हा लावला. खाली मंडळी कोटाची बटणं लावत होती, चहाची भाषा सुरू झाली होती. आजी उतरल्या की शिडी रिकामी. शिडी रिकामी की घुमट निघणार, पूर्वेकडून पार पश्चिमेला, अर्धं वर्तुळ गडगडत, सगळ्यांच्या डोक्यावरून. आणि खात्यातल्या शिपायालासुद्धा समजेल की अध्यक्षांनी हिरा बघितला तो पत्र्यावर.

"दिसली," वरून हलक्या आवाजात आलं.

आजींचा पाय शेवटच्या पायरीवरून फरशीवर टेकला. त्याच क्षणी चिगुसानं आपला उजवा पाय त्या पायरीवर ठेवला. सहज ठेवावा तसा. दिवा पिवळाच राहिला.

"तर मंडळी," तोकिता साहेबांनी घसा साफ केला. "आज आपण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं…"

चिगुसाच्या पायाला घाम फुटला. दोन शब्द तोकिता साहेबांचे, दोन अध्यक्षांचे, मग सगळे खाली चहाला. तेवढा वेळ पाय ठेवायचा. उद्या ती पट्ट्यांची जोडणी बदलेल, रांगेत मुद्दाम जागा सोडेल, काहीतरी करेल. कुणाचं काय गेलं? लोकांना छान वाटलं. त्यांनी छान वाटून घेतलं. वेधशाळा राहिली. घोंगडी दुसरीकडे जातील. तिनं पाय आणखी घट्ट दाबला, जणू पायरीखाली कुणी जिवंत होतं आणि ते ओरडू नये असं तिला वाटत होतं.

सेत्सु आजी निघून न जाता तिच्या बाजूलाच थांबल्या होत्या. त्यांनी तिच्या बाहीला धरलं.

"उसुई-सान, कुणाला सांगू नकोस हं," त्या कुजबुजल्या. "मी दिसली म्हटलं. सगळ्यांना दिसली ना, मग मीच कशी… मला काही दिसलं नाही. नुसतं करडं. दोन्ही डोळ्यांनी बघितलं. दोन्हींनी करडंच." त्या हसल्यासारखं करत होत्या. "बरं झालं, कळलं एकदाचं. रात्री मुलाला फोन करते, ये म्हणावं न्यायला."

चिगुसानं तोकिता साहेबांकडे पाहिलं. ते कृतज्ञतेविषयी बोलत होते. तिनं त्या बाकीच्या चेहऱ्यांकडे पाहिलं, टोपीवाली बाई, आजोबा. यातल्या किती जणांनी मनातल्या मनात आपल्याच डोळ्यांना बोल लावला असेल? किती जण घरी जाऊन एक डोळा झाकून दिवा बघतील?

नको, तिचं मन म्हणालं. आजींना मागून सांगता येईल. एकटीला, कोपऱ्यात. पण बाकीच्यांना कुठल्या कोपऱ्यात सांगणार होती ती? आणि आजींना तरी काय? डोळे तुमचे ठीक आहेत, पण कुणाला सांगू नका? मग पुढच्या वसंतात ती इथे उभी राहील, तळवे पसरून, आणि वरून 'दिसली' येईल, आणि तिला पुन्हा कधीच कळणार नाही की ते भाडं आहे की तारा.

तिनं पाय काढला.

पहिल्यांदा काहीच झालं नाही. तिनंच ठेवलेली ती उसंत. तेवढ्यात अजून पाय परत ठेवता आला असता, आणि तिचा पाय खरोखरच हललाही. मग मोटार गुरगुरली. घुमट धक्क्यानं जागा झाला आणि निघाला. गडगडाटात तोकिता साहेबांचं वाक्य बुडालं. फटीतून येणारा उजेडाचा पट्टा फरशीवरून सरकत, लोकांच्या बुटांवरून, अध्यक्षांच्या पोटावरून भिंतीवर चढला. सगळ्या माना वर झाल्या. घुमट फिरत फिरत गेला, दुर्बिणीच्या तोंडापुढचा पत्रा सरकला, आणि तिथे निळं आभाळ आलं. मग सगळं थांबलं.

दिवा विझला होता.

"म्हणजे मघाशी…" कुगिमिया साहेब म्हणाले आणि थांबले.

"मघाशी पुढे पत्रा होता, साहेब." चिगुसा कमरेत वाकली, कपाळ गुडघ्याला लागेल इतकी. "चूक माझी आहे. पायरीवर पाय असेल तर हलू नकोस, असं मी त्याला शिकवलं होतं. मध्ये कुणी थांबलंच नाही म्हणून तोही हलला नाही. मागच्या बऱ्याच जणांना काही दिसलेलं नाही, दिसणं शक्यच नव्हतं. तुमचे डोळे ठीक आहेत. सगळ्यांचेच." ती वाकलेलीच राहिली. "पुन्हा रांग लावता का? आता दिसेल. मी मध्ये जागा सोडेन."

बूट चुळबुळले. टोपीवाल्या बाईनं टोपी काढून पुन्हा घातली. लोकांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं, आणि चिगुसाला त्यांची फार कीव आली. त्या सगळ्यांना तिनं भर दुपारी उघडं पाडलं होतं, आणि ती कुणी वाईट माणसं नव्हती.

"आजचा अनुभव," कुगिमिया साहेब अखेर म्हणाले, "फारच उद्‌बोधक होता." हिनाओकात याचा अर्थ 'नाही' एवढाच होतो, आणि तो सगळ्यांना ठाऊक असतो. "बसची वेळ झाली असेल ना?"

बसची वेळ झाली होती. माणसं तितक्याच शिस्तीनं जिन्याकडे गेली. जाताना प्रत्येकानं चिगुसाचे वाकून आभार मानले, आणि कुणीही तिच्या डोळ्यात पाहिलं नाही.

तोकिता साहेब मागे राहिले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "थोडा वेळ आणखी, उसुई-सान! खाली चहा ओतून ठेवला होता. थोडा वेळ तसाच पाय ठेवला असता तर…" त्यांनी सगळं पाहिलं होतं म्हणजे.

"हो."

"मी तुमच्यासाठी भांडत होतो."

"माहीत आहे, साहेब."

"आता मी काय सांगू त्यांना?"

घोंगडी, चिगुसाच्या मनात आलं. चौकोनी, करडी, छतापर्यंत. साहेबांनीही वाकून निरोप घेतला. ते जिना उतरताना ती ऐकत राहिली. आवाज बंद झाला तेव्हा तिला वाटलं, आता आपण खाली बसू, आणि बसलो तर उठणार नाही.

"उसुई-सान," मागून आवाज आला. सेत्सु आजी गेल्याच नव्हत्या. शिडीच्या कठड्याला धरून उभ्या होत्या. "बस चुकली माझी."

"मी सोडते गाडीनं."

"ते राहू दे. तू म्हणालीस आता दिसेल."

चिगुसा आली. तिनं आजींच्या पाठीमागे तळवे धरले, आणि एकेक पायरी करत आजी चढल्या. पिवळा दिवा लागला. आजी वाकल्या. बराच वेळ वरून काहीच आलं नाही. चिगुसानं वर बघितलं नाही, ती घोट्यांकडे बघत होती, जाड लोकरी मोज्यातल्या, टाचा किंचित उचललेल्या.

"केवढीशी आहे," आजी शेवटी नाराजीनं म्हणाल्या. "मी डोक्यात केवढी मोठी करून ठेवली होती हिला."

"दिवसा लहानच दिसते."

"थरथरतेय."

"हवेनं."

"तुला काय गं झालं? रडतेयस?"

"नाही, आजी. बघा तुम्ही."

"मागं कुणी खोळंबलंय का? उतरू?"

चिगुसानं रिकाम्या फरशीकडे पाहिलं, जिन्याच्या उघड्या दाराकडे पाहिलं.

"सावकाश बघा," ती म्हणाली. "मागं कुणी नाही."